सहा बलवानांचा संघ का हरला?

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा चौकटींची एक वही काखोटीला मारून माझ्याकडे आला. तो नववीत आहे. वहीत सहा नावे, प्रत्येकापुढे सहा आकडे आणि शेवटी बेरीज अशी कोष्टके मांडलेली होती. मला वाटले, गणिताचा गृहपाठ असेल. पण तो पोकेमॉन नावाच्या व्हिडिओ खेळाचा हिशेब होता. शेजारच्या मित्राशी सामना झाला होता आणि त्यात भाच्याचे सहाच्या सहा गडी बाद झाले होते. मित्राचा फक्त एक गेला होता.

"मामा, बेरीज तर माझीच मोठी होती," तो म्हणाला. "मग मी हरलो कसा?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हा दोघांची एक अख्खी दुपार गेली. ते उत्तर तुमच्यापुढे ठेवतो, कारण त्यात शाळेच्या गणितापलीकडचे फारसे काही नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. तो जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रथम विक्रीला आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोजवळच्या शेता-तळ्यांतून किडे पकडण्याचा नाद होता. पुढे त्या जागी इमारती उठल्या. किडे गोळा करण्यातली आणि मित्रांशी त्यांची अदलाबदल करण्यातली गंमत शहरातल्या मुलांना मिळावी, या विचारातून हा खेळ जन्मला. खेळात काल्पनिक प्राण्यांच्या नाना जाती आहेत. सुरुवातीला त्या १५१ होत्या, २०२३ च्या अखेरीस १,०२५ झाल्या. त्यातून सहा निवडून संघ करायचा आणि दुसऱ्याच्या संघाशी लढायचे.

प्रत्येक प्राण्याला सहा गुणांचे आकडे असतात: दम, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. ज्याचा वेग अधिक तो आधी चाल करतो. दम शून्यावर आला की गडी बाद. भाच्याने काय केले होते, तर ज्यांच्या सहा गुणांची बेरीज बरोबर ६०० भरते असे सहा प्राणी हुडकले होते: गारचॉम्प, सॅलमन्स, ड्रॅगनाइट, हायड्रायगन, गुड्रा आणि ड्रॅगापल्ट. एकूण बेरीज ३,६००. मित्राच्या संघात वीव्हाइल होता, त्याची बेरीज ५१०. क्लेफेबल होती, तिची तर ४८३.

पण भाच्याच्या बेरजेत एक गोष्ट धरलेलीच नव्हती. ती म्हणजे प्राण्याचा 'प्रकार'.

खेळात अठरा प्रकार आहेत: अग्नी, जल, तृण, विद्युत, बर्फ, भूमी, खडक, पोलाद, कीटक, उड्डाण, विष, मल्ल, मन, भूत, अंधार, ड्रॅगन, परी आणि सामान्य. प्राण्याला एक किंवा दोन प्रकार असतात. प्रत्येक हल्ल्यालाही एक प्रकार असतो. हल्ल्याचा प्रकार आणि सोसणाऱ्याचा प्रकार यांवरून माराला एका संख्येने गुणायचे. ती संख्या २, १, १/२ किंवा ० यांपैकी असते. पाणी आगीवर पडले तर २, आग पाण्यावर पडली तर १/२, विजेचा हल्ला भूमीवर केला तर ०. सोसणाऱ्याला दोन प्रकार असतील तर दोन्ही संख्यांचा गुणाकार करायचा. खेळाचे मर्म या गुणाकारात आहे, आणि भाचा बेरीज करत बसला होता.

गारचॉम्प हा ड्रॅगन आणि भूमी अशा दोन प्रकारांचा. ड्रॅगनवर बर्फाचा गुणक २, भूमीवरही २. म्हणजे गारचॉम्पवर बर्फाचा हल्ला २ × २ = ४ पट. सॅलमन्स आणि ड्रॅगनाइट हे ड्रॅगन-उड्डाण. उड्डाणावरही बर्फाचा गुणक २, म्हणून तेही चौपट. उरलेल्या तिघांवर दुप्पट. सहाही एकाच माळेचे मणी! जो हल्ला एकाला लागतो तोच सगळ्यांना लागतो.

हे आकड्यांत पाहू. स्पर्धेत सर्व प्राणी पन्नासाव्या पातळीवर आणतात. त्या पातळीला माराचे सूत्र असे आहे: २२ ला चालीच्या बळाने आणि मारणाऱ्याच्या हल्ल्याने गुणायचे, सोसणाऱ्याच्या बचावाने भागायचे, आलेल्या संख्येला ५० ने भागून २ मिळवायचे. अपूर्णांक आला की सोडून द्यायचा. मित्राच्या वीव्हाइलचा हल्ला १७२ होता आणि बर्फाच्या ठोशाचे बळ ७५ असते. गारचॉम्पचा बचाव ११५ होता. २२ × ७५ × १७२ ÷ ११५ = २,४६७. त्याला ५० ने भागले की ४९, अधिक २ म्हणजे ५१. वीव्हाइल स्वतः बर्फ प्रकाराचा (बर्फ-अंधार) असल्याने त्याला स्वतःच्या प्रकाराच्या चालीवर दीडपट मिळते: ७६. आता बर्फाचा गुणक ४ लावा: ३०४. गारचॉम्पचा दम होता १८३.

या सूत्रात नशिबाचाही वाटा आहे. यंत्र दर वेळी ८५ ते १०० टक्क्यांमधला एक आकडा काढून माराला लावते. पण ८५ टक्के धरले तरी हा मार २५६ होतो. म्हणजे नशिबाने कितीही साथ दिली तरी गारचॉम्प वाचत नाही. वेग तरी कामी आला का? वीव्हाइलचा वेग १९४, गारचॉम्पचा १६९. सहांपैकी पाच गडी वीव्हाइलपेक्षा मंद होते.

गुड्राची एक गंमत वहीत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या ठोशाने गुड्राला कमीत कमी १६४ मार बसतो, आणि गुड्राचा दम १६५ होता! टक्क्यांचे सोळा आकडे सारख्या संभाव्यतेने येतात. त्यांपैकी ८५ आणि ८६ या दोनच आकड्यांना मार १६४ येतो. म्हणजे आठात एकदा गुड्रा एका गुणाच्या दमावर उभा राहिला असता. पण आठात एकदा मिळणाऱ्या जिवावर कोणी संघ बांधत नाही.

असो. वीव्हाइलने पहिले तिघे एकेका ठोशात उडवले. हायड्रायगनने एक ठोसा सोसून वीव्हाइलला बाद केले, तेव्हा भाच्याला हुरूप आला. पण मित्राने क्लेफेबलला पुढे केले. ती परी. ड्रॅगनच्या हल्ल्याचा परीवर गुणक शून्य! भाच्याच्या बहुतेक चाली ड्रॅगन प्रकाराच्या होत्या. उलट परीचा हल्ला ड्रॅगनवर दुप्पट, आणि अंधार-ड्रॅगन अशा हायड्रायगनवर चौपट. पुढचे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मग सर्वांत चांगला प्रकार कोणता ते एकदा शोधून काढावे म्हणजे झाले. पण तसा प्रकारच नाही. संख्यांमध्ये ९ हा ७ पेक्षा मोठा आणि ७ हा ४ पेक्षा मोठा असेल, तर ९ हा ४ पेक्षा मोठा असतोच. वरचढपणाचे तसे नाही. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, पण गवत पाण्याला भारी. दगड-कागद-कात्रीप्रमाणे हे एक वर्तुळ आहे, आणि वर्तुळाला वरचे टोक नसते.

असे वर्तुळ खऱ्या निसर्गातही आढळले आहे. योगायोग असा की, १९९६ सालीच बॅरी सिनर्वो आणि कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या सरड्याविषयी लेख लिहिला. या जातीच्या नरांचे गळे तीन रंगांचे असतात. नारिंगी गळ्याचे नर आडदांड. मोठा प्रदेश बळकावतात आणि निळ्यांना हुसकून लावतात. निळे नर लहान प्रदेश राखतात, पण आपल्या माद्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करतात. पिवळ्या गळ्याचे नर प्रदेश राखतच नाहीत. ते मादीसारखे दिसतात आणि नारिंगी नरांच्या विस्तीर्ण प्रदेशात चोरपावलांनी शिरून माद्यांशी समागम साधतात. निळ्यांच्या पहाऱ्यापुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. नारिंगी निळ्याला भारी, निळा पिवळ्याला, पिवळा नारिंगीला. जो रंग बोकाळतो त्याच्यावर मात करणाऱ्याची संख्या पुढे वाढू लागते, आणि चक्र फिरत राहते. तिघांपैकी कोणीच कायमचा राजा होत नाही.

खेळ रचणाऱ्यांना मात्र हा तोल पहिल्या झटक्यात साधला नव्हता. १९९६ च्या खेळात 'मन' प्रकाराचे प्राणी जवळजवळ अजिंक्य होते. त्यांना कीटकांचा हल्ला दुप्पट लागे, पण कीटकांच्या चाली अगदी दुबळ्या. भुताचा हल्ला मनावर चालावा असा बेत होता, पण आज्ञावलीतल्या चुकीमुळे त्याचा गुणक शून्य पडला होता! म्हणून १९९९ मध्ये 'अंधार' आणि 'पोलाद' हे दोन प्रकार नव्याने घालावे लागले. अंधारावर मनाचा हल्ला चालतच नाही. पुढे ड्रॅगन डोईजड झाले, तेव्हा २०१३ मध्ये 'परी' हा अठरावा प्रकार आला. क्लेफेबल १९९६ पासून 'सामान्य' होती, ती त्या साली परी झाली. भाच्याचा संघ २०१२ सालच्या नियमांत इतका वाईट ठरला नसता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

मग संघ बांधायचा कसा? सगळे संघ करून पाहायचे म्हटले तर १,०२५ जातींतून सहा निवडण्याचे प्रकार सुमारे १,६०० लाख कोटी होतात. सेकंदाला एक संघ तपासला तरी पाच कोटी वर्षे लागतील. (सगळ्या जाती एकाच खेळात मिळत नाहीत, हे खरे. पण निम्म्या धरल्या तरी आपल्या हयातीत काम उरकत नाही.) तेव्हा एकेक गडी घेऊन त्याची उणीव झाकणारा दुसरा शोधायचा, हाच मार्ग.

भाच्याला गारचॉम्प सोडवेना, म्हणून तिथूनच सुरुवात केली. त्याच्या उणिवा तीन: बर्फ ४, ड्रॅगन २, परी २. या तिन्ही हल्ल्यांना अर्धे करणारा प्रकार कोणता? कोष्टकात शोधले तर एकच उत्तर मिळते: पोलाद. पोलादाचे प्राणी बरेच आहेत. त्यातला आम्ही सिझर निवडला, तो कीटक-पोलाद. त्याला फक्त एक उणीव, ती म्हणजे आग. कीटकावर २, पोलादावर २, म्हणून चौपट. आणि आगीचा हल्ला गारचॉम्पवर किती? ड्रॅगनवर १/२, भूमीवर १, म्हणजे अर्धा. याने त्याचे झाकले आणि त्याने याचे!

इथे खेळाचा एक नियम सांगितला पाहिजे. आपल्या पाळीला चाल न करता मैदानातला गडी परत बोलावून दुसरा उतरवता येतो. समोरच्याने सोडलेला हल्ला मग त्या नव्या गड्यावर पडतो. गारचॉम्पसमोर वीव्हाइल उभा राहिला की ठोसा बर्फाचाच येणार, हे उघड आहे. त्याच क्षणी सिझर उतरवा. जो ठोसा गारचॉम्पला ३०४ पर्यंत पडला असता तो सिझरला फार तर ३६ पडतो. पुढच्या पाळीला सिझरकडे 'बुलेट पंच' ही पोलादाची चाल आहे. तिचे बळ अवघे ४०, पण ती वेग न पाहता आधी लागते. सिझरच्या अंगी हलक्या चालींना दीडपट करण्याचा गुण असतो, म्हणून बळ ६० धरायचे. सिझरचा हल्ला १८२, वीव्हाइलचा बचाव ८५ आणि बर्फावर पोलादाचा गुणक २. मी सूत्रात आकडे घालून पाहिले तेव्हा कमीत कमी मार १४६ आला. वीव्हाइलचा दम होता १४५. मित्र शहाणा असेल तर तो वीव्हाइलला मागे घेईल. घेऊ दे. तेवढी त्याची पाळी वाया गेली.

तिसरा गडी असा हवा की जो आग सोसेल, कारण एकट्या गारचॉम्पवर तो भार टाकणे बरे नाही. आम्ही रोटम घेतला. हे विजेचे भूत निरनिराळ्या घरगुती यंत्रांत शिरते. कपडे धुण्याच्या यंत्रात शिरले की ते विद्युत-जल होते. विजेच्या प्राण्यांना भूमीचा हल्ला दुप्पट लागतो, पण रोटम अधांतरी तरंगत असल्याने त्याला तो लागतच नाही. उरते एकच उणीव, तृण. तिघांचे कोष्टक असे झाले:

हल्ला | गारचॉम्प | सिझर | रोटम
बर्फ | ४ | १/२ | १/२
ड्रॅगन | २ | १/२ | १
परी | २ | १/२ | १
अग्नी | १/२ | ४ | १/२
तृण | १ | १/४ | २

प्रत्येक आडव्या ओळीत जिथे एकाला दुप्पट किंवा चौपट बसते, तिथे दुसऱ्या कोणाला तरी निम्मे किंवा पाव बसते. भाच्याच्या जुन्या संघाचे असेच कोष्टक करा. बर्फाच्या ओळीत ४, ४, ४, २, २, २ येतील.

प्रकार जुळले तरी काम संपत नाही. गारचॉम्पचा मूळ हल्ला १३०, सिझरचाही १३०, पण विशेष हल्ल्यात ते ८० आणि ५५. म्हणजे दोघेही अंगाला भिडून मारणारे. ज्याचा 'बचाव' भक्कम आणि 'विशेष बचाव' हलका असा गडी समोर आला की हे दोघे त्याच्यावर डोके आपटत बसणार. म्हणून चौथा विशेष हल्ल्याचा घेतला: वोल्करोना, कीटक-अग्नी, विशेष हल्ला १३५. त्याच्या उणिवा खडक ४, जल २, उड्डाण २. खडक गारचॉम्प निम्म्यात सोसतो, जल आणि उड्डाण रोटम सोसतो.

मग शिक्षणाचा प्रश्न येतो. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या २०२२ च्या खेळांत प्रत्येक प्राण्याला सरावाचे एकूण ५१० गुण देता येतात, आणि एका गुणाला जास्तीत जास्त २५२. दोन बाबी पूर्ण भरल्या की सहा गुण उरतात. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात. गारचॉम्पचा मूळ वेग १०२, सॅलमन्सचा १००. दोघांनीही वेगावर सगळा भर दिला तर आकडे १६९ आणि १६७ असे येतात. दोनच गुणांचा फरक, पण गारचॉम्प दर वेळी आधी. मात्र गारचॉम्पच्या मालकाने वेगाला पोषक स्वभाव निवडला नाही, तर त्याचा वेग १५४ वरच थांबतो, आणि मग सॅलमन्सचा ड्रॅगन हल्ला आधी येऊन बसतो. कोणाच्या पुढे जायचे ते आधी ठरवावे आणि त्याला पुरेल इतकाच खर्च वेगावर करावा. शिल्लक राहिली तर दमात घालावी. भाच्याने सहाही गड्यांना हल्ला आणि वेग यांतच सगळे ओतले होते. मार सोसायला कोणाकडेच काही उरले नव्हते.

बेरीज कमी पण उपयोग मोठा, असे गडीही संघात लागतात. २०१४ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से जुन पार्क विजेता ठरला. या स्पर्धेत मैदानात एका वेळी दोन-दोन गडी असतात. त्याच्या संघात पचिरिसू नावाची एक खारीसारखी विजेची प्राणी होती. तिच्या गुणांची बेरीज अवघी ४०५! इतरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नसते. पण तिच्याकडे एक चाल होती, समोरच्यांचे हल्ले स्वतःवर ओढून घेण्याची. शिवाय विजेचा हल्ला बसला की तिचा दम घटण्याऐवजी वाढे. पार्कचा मुख्य मारेकरी गॅरॅडोस हा जल-उड्डाण, म्हणजे विजेने चौपट मार खाणारा. त्याच्या शेजारी ही खार उभी केली की त्याच्यावर येणारी वीज ती पिऊन टाकी. मला स्वतःला या खेळातला सर्वांत सुंदर हिशेब हाच वाटतो.

त्या स्पर्धांचा आणखी एक नियम आहे. सहांचा संघ दाखवायचा, पण प्रत्येक सामन्यात त्यातले चारच खेळवायचे. सहातून चार निवडण्याच्या रीती १५, आणि त्या चारांतले पहिले दोन निवडण्याच्या ६, म्हणजे सुरुवातीच्या एकूण ९० रीती. समोरच्याच्याही ९०. संघ समतोल असेल तर या नव्वदांपैकी बऱ्याच रीती उपयोगी पडतात आणि समोरच्याला अंदाज बांधता येत नाही. सगळे एकसारखे असतील तर नव्वद रीती असून नसल्यासारख्या. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये सामन्यात एकदा आपल्या एका गड्याचा प्रकारच बदलता येतो. ती गुंतागुंत मी इथे बाजूला ठेवली आहे. पण आधी कोष्टक करता आले तर तीही करता येते.

पाचवा गडी भाच्यानेच सुचवला. ज्या क्लेफेबलने त्याला हरवले तीच! परीला दोनच उणिवा, विष आणि पोलाद. सिझरवर विष चालत नाही आणि पोलाद त्याला निम्मे लागते. शिवाय ती स्वतःचा दम भरून काढू शकते. पाच गड्यांच्या गुणांची बेरीज झाली २,६५३. पाच ड्रॅगनांची ३,००० होती. पण या पाचांच्या सगळ्या उणिवा लिहून काढा: बर्फ, ड्रॅगन, परी, अग्नी, तृण, खडक, जल, उड्डाण, विष, पोलाद. दहांपैकी एकही दोघांना समान नाही.

सहावी जागा वहीत अजून रिकामी आहे. उरलेले प्रकार आठ: सामान्य, मल्ल, भूमी, विद्युत, मन, कीटक, भूत, अंधार. ज्याच्या सगळ्या उणिवा या आठांतच बसतील असा गडी शोधायचा, आणि त्याची प्रत्येक उणीव आधीच्या पाचांपैकी कोणीतरी निम्म्याने सोसली पाहिजे. प्रकारांचे अठरा बाय अठराचे कोष्टक समोर घ्या आणि प्रयत्न करा. उत्तरे एकापेक्षा अधिक आहेत. ज्या प्रकाराला मुळात एकच उणीव आहे तिथून सुरुवात केली तर लवकर सापडेल.